तिसऱ्यांदा विचारलं तर

परीलोकातली माणसं खोटं बोलू शकत नाहीत, हा शोध भिंगरीला चौथ्या खंडात लागला आणि तिच्या आईच्या डोक्याला कायमचा ताप झाला. कादंबरीचे एकूण खंड सहा, एकेक विटेएवढा जाड. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर तोच पंखवाला राजकुमार, कुणी चपला पळवल्यासारखं तोंड करून उभा. वय म्हणे तीनशे वर्षं. अक्कल मात्र बेताचीच, आणि प्रेमात पडायला मेल्याला शाळेतलीच पोरगी लागते.

वाचून गप्प बसली असती तर आईची काही तक्रार नव्हती. पण पंधराव्या वर्षी पुस्तक नुसतं वाचून होत नाही, ते अंगात येतं. भिंगरीनं जाहीर केलं की यापुढे ती परीच्या नियमांनी वागणार. खरं नाव कुणाला सांगणार नाही. दातांच्या डॉक्टरांनी नाव विचारलं तर म्हणाली, "मला भिंगरी म्हणतात," आणि बाहेर बसलेल्या आईला उठून आत जावं लागलं.

दुसरा नियम, खोटं बोलणार नाही. ऐकून आईला आधी बरंच वाटलं होतं. यातली मेख तिला उशिरा कळली. परी खोटं बोलत नाही, पण सरळही बोलत नाही.

"गृहपाठ झाला?"

"वही दप्तरात आहे."

वही होती दप्तरात, कोरी करकरीत. दूध प्यालीस का विचारलं, तर म्हणे पेला रिकामा आहे. पेला रिकामाच होता, आणि खिडकीतल्या कुंडीत दुधाचं तळं साचलं होतं. ताकाला जायचं, भांडं लपवायचं आणि वर 'मी खोटं बोलले का' म्हणून आपणच फुगून बसायचं. आईनं कपाळावर हात मारून घेतला.

सुटका एकच होती, आणि तीही भिंगरीनंच बोलण्याच्या भरात सांगून टाकली होती. एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तर परीला सरळ उत्तर द्यावंच लागतं. झालं. तेव्हापासून आई दात घासलेस का हेसुद्धा तीनदा विचारायची. दिवसाकाठी किती शब्द वाया जातात याचा विचार केला की तिला रडू यायचं.

तिला कामं काय कमी होती? घराच्या पुढच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान. एक मशीन, एक इस्त्री आणि एक लांब दांडी, तिच्यावर चिठ्ठ्या टाचलेले कपडे. कुणाची कंबर सैल करायची, कुणाची बाही आखूड. आज दिलेला कपडा उद्या तयार, हा तिचा शब्द होता. कित्येक महिने पडून राहिलं होतं ते एकच जाकीट, नवऱ्याचं. चेन तुटली म्हणून मागच्या सुट्टीत ठेवून गेला होता.

नवरा वर्षभर दूरच्या शहरात नोकरीला होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा फोन आला. तो आता तिकडेच राहणार होता, तिकडे त्याचं कुणीतरी होतं. "पोरीला तू सांग," म्हणाला, "तुला असलं चांगलं जमतं." हे आठवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घर मोडायचं यानं आणि सांगायचं काम बायकोचं. रोज ती ठरवायची, आज सांगूच. आणि रोज भिंगरी शाळेतून येऊन बाबांच्या सुट्टीला किती दिवस राहिले ते मोजायची, की आई सांगायचं उद्यावर ढकलायची.

त्या दुपारी आई कुणाच्या तरी पँटला चेन बसवत होती. भिंगरी स्टुलावर सहावा खंड घेऊन बसली होती.

"आई, बाबांचं जाकीट दांडीवर दिसत नाही."

"खालच्या फळीवर ठेवलंय."

"बाबा सुट्टीत येणार ना?"

"तिकिटं केवढी महाग झालीत," आई म्हणाली. यात काही खोटं नव्हतं.

भिंगरीनं पानात बोट घालून पुस्तक मिटलं. "तिकिटाचं नाही विचारलं मी. बाबा येणार का?"

"त्याच्यामागे काम किती असतं, तुला माहीत आहे."

हेही खरंच होतं. मशीन चालत राहिलं. आईला कळलं आपण काय केलं ते, आणि हेही कळलं की ते समोरच्या पोरीलाही कळलं. महिनाभर पोर तेच करत होती. खाण तशी माती म्हणायचं की माती तशी खाण, देव जाणे. आई तिसऱ्या प्रश्नाची वाट बघू लागली. येऊ दे एकदाचा, म्हणजे सुटेन.

भिंगरी उठली. बोट काढलं, खूण न घालताच पुस्तक स्टुलावर ठेवलं. "मी दुधाचा पेला धुऊन टाकते," म्हणाली.

"भिंगरे, तिसऱ्यांदा विचार."

"नको."

"विचार गं."

"विचारलं तर तुला सांगावं लागेल." ती दाराकडे तोंड करून उभी होती.

आईनं मशीन थांबवलं. नवऱ्याचा राग आला, त्या तीनशे वर्षांच्या ठोंब्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. पोर आपल्याला वाचवायला निघाली होती. आईनं तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. भिंगरी वळली.

"बाबा येणार नाही," आई म्हणाली. "या सुट्टीत नाही आणि पुढच्याही नाही. तो आता तिकडेच राहणार आहे, दुसऱ्या बाईबरोबर."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तीन आठवडे झाले. मला सांगायचा धीर होत नव्हता."

 भिंगरीनं खालच्या फळीवरचं जाकीट काढलं, त्याला टाचलेली चिठ्ठी सोडवली आणि घडी घालून ते आईच्या मांडीवर ठेवलं.

"मग चेन बसवू नकोस," ती म्हणाली.

"नाही बसवत," आई म्हणाली.