नायरीचा आवाज

वाहान तर्झियान सिनेमांना संगीत द्यायचा आणि मी त्याच्या वादकांसाठी नोटेशनच्या प्रती हाताने उतरवायचे. हॉलिवूडमध्ये आम्ही अशी एकवीस वर्षं काढली. त्याच्या वाट्याला कायम भुताखेतांचे स्वस्तातले सिनेमे आले. त्यातल्या एकात बुडून मेलेल्या मुलीचं गुणगुणणं हवं होतं, तेव्हा त्याने स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुलीला, नायरीला, माइकपुढे उभं केलं. सिनेमा तुफान चालला. दोन वर्षांनी नायरी रक्ताच्या कॅन्सरने गेली.

दफनाला चार महिने झाले नाहीत तोच निर्माता आला. दुसरा भाग काढायचा होता.

"तोच आवाज पाहिजे, वाहान. लोकांच्या डोक्यात बसलाय."

"ती नाहीये आता."

"टेप आहे ना!"

मला वाटलं, वाहान त्याला हाकलून देणार. तो म्हणाला, "मूळ टेप माझ्याकडे पाठवा."

मग तीन आठवडे तो हेडफोन लावून बसला. मी उतरवायची पानं न्यायला जाई तेव्हा जेमतेम एखादं पान लिहून झालेलं असे.

"एवढं काय ऐकतोस रे?"

"टेपच्या शेवटी ती विचारते, 'बाबा, बरं झालं का?' आणि मी उत्तरच देत नाही, लॉरेन. मी तिकडे रेकॉर्डिस्टशी बोलत बसलोय."

बायकोला, सिरानुशला, त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. ग्लेंडेलच्या किराणा दुकानात ती भाजी निवडत होती, तेव्हा रेडिओवर दुसऱ्या भागाची जाहिरात लागली आणि नायरी गुणगुणू लागली. भाजी तिथेच टाकून ती तडक स्टुडिओत आली, जिथे आमचं रेकॉर्डिंग चालू होतं.

"तिला मातीत ठेवताना काय म्हणाला होतास? आता तिला कुणी छळणार नाही. म्हणाला होतास ना?"

चाळीस वादक वाद्यं मांडीवर घेऊन ऐकत होते. त्याच आठवड्यात ती फ्रेस्नोला बहिणीकडे निघून गेली.

ते काम त्याने पुरं केलं. त्यानंतर एकही सिनेमा घेतला नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला बोलावलं, तर तेही नको म्हणाला. सात वर्षांनी तो गेला. दफनाला आम्ही सहाजण होतो. सिरानुश आली, मूठभर माती टाकली आणि माझ्याकडे वळली.

"त्या दुसऱ्या सिनेमाच्या प्रती तूच उतरवल्यास ना?"

"हो," मी म्हटलं.

ती बहिणीच्या गाडीत जाऊन बसली.