साहेब येणार म्हणून

ईश्वर माझा मित्र. पक्का बौद्ध; ईश्वर मानत नसे, आईनं ठेवलेलं नाव तेवढं मानत असे. इथं परदेशात, एडिसन गावातल्या त्याच्या घरी, बेसमेंटमध्ये, दर रविवारी बुद्धवंदना व्हायची. तो वारल्यावर त्याच्या बायकोनं, गिरजावहिनींनी, ती चालू ठेवली. मग यंदा वादळ आलं आणि पाणी बेसमेंटच्या वरच्या पायरीला टेकलं.

दुरुस्ती वहिनींच्या आवाक्यातली नव्हती. वादळग्रस्तांची सरकारी मदत मिळाली तर घर राहणार, नाहीतर विकून मुलीकडे दूर शॉमबर्गला जायचं. पाहणीला इन्स्पेक्टर येणार होता.

साहेब घरी येणार म्हटल्यावर आपली माणसं जे करतात तेच आम्ही केलं. घर आवरलं. भिजलेला गालिचा, फुगलेली पुस्तकं, ईश्वरची खुर्ची, सगळं रस्त्याच्या कडेला ठेवलं. कचऱ्याची गाडी घेऊन गेली. भिंतींवरची बुरशी ब्लीचनं घासली. वास जावा म्हणून उदबत्ती मी लावली.

इन्स्पेक्टर सज्जन होता. बूट काढून आत आला. वहिनींनी पोहे पुढे केले. नुकसान बरंच झालं का, त्यानं विचारलं.

"नो नो, ऑल फाइन. यू ईट फर्स्ट."

हीटिंग चालतंय का?

"येस येस," दोन स्वेटर घातलेल्या वहिनी म्हणाल्या. पाण्यानं हीटिंग कधीच बंद पडलं होतं. पण आल्यागेल्यासमोर रडगाणं गाऊ नये. मीही मान डोलावली.

"व्हेरी रेझिलियंट लेडी," जाताना तो म्हणाला; म्हणजे न खचणारी बाई. आम्हाला वाटलं, काम झालं.

काही दिवसांनी फोन आला. घर राहण्याजोगं आहे, मदत मिळणार नाही. अपील करायला मुलगी उपासना धावत आली.

"आई, पाण्याचे फोटो कुठेत?"

"असल्या दिवसाचे फोटो कोण काढतं गं?"

"काका, तुम्ही तरी?"

"मी पोह्यांचा काढलाय."

कोणी हसलं नाही. मीही नाही.

अपील केलं. पण साहेबानं वहिनींचंच म्हणणं लिहून नेलं होतं. ते खोडणार कसं? घर विकलं.

निघायच्या दिवशी उपासना गाडीत वाट बघत होती. मी बोलवायला खाली बेसमेंटमध्ये गेलो. ईश्वरची खुर्ची असायची तिथं वहिनी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होत्या.

"वहिनी, फ्लाइट चुकेल."

"झालंच, भाऊजी. नवी माणसं येणार. त्यांना घाण घर कसं द्यायचं?"

बादलीत आणखी एक फडकं होतं. मी ते पिळून घेतलं.