पाय तीन, विद्यार्थिनी एक

मित्रांनो, दिशा पास झाली. बरं, ते राहू द्या. निकाल लागलाच नाही, असं धरून मी माझी गोष्ट सांगतो.

मी एक जुना टेबल आहे. वाल्मिक सुतारांनी मला मोडक्या बैलगाडीच्या फळ्यांतून घडवलं आणि घोडेगावजवळच्या एका छोट्या कला महाविद्यालयात आणून ठेवलं. मुलं एकसष्ट, प्राध्यापक सहा आणि मोठा टेबल मी एकटाच. त्यामुळे सकाळी माझ्याभोवती इतिहास बसतो, दहाला कविता, बाराला अर्थशास्त्र. नाटकाच्या तालमीत मी सिंहासन असतो. दोनदा तिरडीही झालो आहे. इथे एकाच विषयाला चिकटून बसायची मुभा नाही. बाजारात म्हैस विकून आलेल्या पोरालाही न्याय म्हणजे काय, यावर चार वाक्यं बोलावी लागतात.

पाहुणे आले की माझं कौतुक व्हायचं. पुढे वाळवीने माझा एक पाय आखूड केला. शिपाई कानिफनाथमामांनी त्याखाली ग्रंथालयातलं सर्वांत जाड पुस्तक टेकू म्हणून सरकवलं. ते तर्कशास्त्राचं होतं. नऊ वर्षं कुणी मागितलं नाही.

मग दिशाने तर्कशास्त्र घेतलं. दुसरी प्रत नव्हती आणि परीक्षा पंधरा दिवसांवर होती. ती पुस्तक मागायला आली, नेमकी त्याच दिवशी सामानाची तपासणी होती. जे हलेल ते भंगारात, असा नियम. गेल्या वर्षी कपाट हललं होतं. ते टेम्पोत बसून गेलं आणि गुऱ्हाळाच्या चुलाणात पोचलं. तेव्हापासून गुळाचा वास आला तरी माझे खिळे थरथरतात. टेबलाने थरथरणं किती धोक्याचं, हे तुम्हाला कळलंच असेल.

"मामा, ते पुस्तक लागतंय मला," दिशा म्हणाली.

"पोरी, पुस्तक काढलं तर टेबल हलतोय. मग ह्यो गेला चुलाणात."

"अन् न्हाई काढलं तर मी नापास."

"व्हय. लई अवघड हाय."

दिशाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक ओढलं. मी कललो. बाहेर कारकून अजिनाथ भाऊसाहेबांच्या चपला वाजल्या. तशी ती माझ्याखाली शिरली, माझा आखूड पाय तिने स्वतःच्या पावलावर घेतला आणि पहिलं पान उघडलं.

बाजारात बैल पारखावा तसं भाऊसाहेबांनी मला गदागदा हलवून पाहिलं. मी हललो नाही. ते खाली वाकले.

"ही कोण?"

"टेकू हाय," मामा म्हणाले.

दिशाने पान उलटलं.

भाऊसाहेब नियमाचा माणूस. दिसेल ते लिहायचं. त्यांनी नोंदवहीत लिहिलं: 'टेबल एक. पाय तीन, विद्यार्थिनी एक. हलत नाही.'

दिशा पंधरा दिवस तिथेच बसून मोठ्याने वाचत होती. त्यामुळे मलाही तर्कशास्त्र आलं. जे हलतं ते जातं. दिशा गेली की मी हलेन. म्हणून दिशा गेली की मी जाईन. यात कुठे चूक आहे का, ते मी रोज शोधतो. सापडत नाही.

पुस्तकासाठी आता चौघांनी नंबर लावलाय. मामांनी वीट आणली होती. नोंदीत वीट नाही म्हणून भाऊसाहेबांनी ती परत पाठवली. पुढची तपासणी सोमवारी आहे. वाऱ्यावर गुळाचा वास येतोय.

तरी मा. प्राचार्यांस विनंती की, कु. दिशा ही नोंदीप्रमाणे महाविद्यालयाची मालमत्ता असल्याने तिचा निकाल रद्द करून तिला तर्कशास्त्रात कायम नापास ठेवावे. तिची हरकत असल्यास तिने ती माझ्याखाली बसून लेखी कळवावी.

आपला आज्ञाधारक,
टेबल, नोंद क्रमांक सात,
पाय तीन.