भाड्याची दुमड

पडदे शिवणारीच्याच घरात पडदा नसावा, याहून मोठी चेष्टा ती कोणती? पण होतं तसंच. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकाने खोली देतानाच बजावलं होतं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. खिळा नाही म्हणून दांडी नाही, आणि दांडी नाही म्हणून पडदा नाही. अख्ख्या गल्लीच्या खिडक्या सजवणारी ही बाई स्वतःच्या खिडकीला जुनी चादर बांधून राहत होती. गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणत आणि तिला त्याचा अभिमानच होता. पण घरी आलेलं कुणी त्या चादरीकडे बघून गालात हसलं, की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

खोली एकच. पलंग, पलंगाला खेटून शिलाई मशीन, मशीनला खेटून दार. नवऱ्याला रात्री मोरीकडे जायचं झालं तर पलंगाच्या पायथ्यावरून तंगडी टाकून जावं लागे. कापड बेतायला टेबल मावत नव्हतं, म्हणून सकाळी गादी गुंडाळून पलंगावर प्लायवूड टाकायचं आणि त्यावर कापड पसरायचं. अंगात कितीही ताप असला तरी दिवसा आडवं होण्याची सोय नव्हती. आठ वाजून गेल्यावर मशीन चाललं, की वरून मालक काठी आपटायचा. त्या काठीची तिला इतकी सवय झाली होती की बाहेर कुठे काही आपटलं तरी तिचा पाय आपोआप थांबायचा.

आणि आता एक घर मिळत होतं. तिसरा मजला, पुढची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. आतल्या खोलीत गेली तेव्हा ती दारातच थबकली. खिडकी अशा जागी होती की मशीन भिंतीशी ठेवलं तर उजेड बरोबर डाव्या हाताकडून सुईवर पडेल. मधे टेबल मावेल. दार लावून घेता येईल. रात्री दहाला मशीन चालवलं तरी कुणाच्या बापाचं काही जाणार नाही. त्या खोलीसाठी ती वेडी झाली होती. बाकीचं घर नवऱ्याला हवं तर त्याने घ्यावं, इतपत तिच्या मनाची तयारी होती.

अडचण पैशाची होतीच, पण बँकेने ती सोडवली होती. अडचण ताईंची होती, आणि ती सोडवायला कुठलीही बँक पुरी पडली नसती.

ताई म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर शिवणाचे वर्ग घेतले, मुली मागे त्यांना कात्री म्हणायच्या. जीभ तशीच होती. पडदेवालीला हा धंदा शिकवला तोही त्यांनीच. जन्मभर एका भाड्याच्या खोलीतून दुसऱ्या भाड्याच्या खोलीत जात त्यांनी स्वतःच्या घरासाठी पै पै साठवली होती. मग धाकट्या भावाच्या, म्हणजे पडदेवालीच्या नवऱ्याच्या, डोक्यात लाँड्रीचं खूळ शिरलं. ताईंनी ठेव मोडली आणि सगळे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

"अगं, पण तुझ्या घराचं काय?" त्याने विचारलं होतं.

"माझं घर काय पळून जातंय?" ताई म्हणाल्या होत्या.

लाँड्री दीड वर्षात बुडाली. धुण्याची दोन मोठी यंत्रं भंगारात गेली, आणि आता तो दुसऱ्याच्या लाँड्रीत हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होता. ताईंनी पैशाचा विषय पुन्हा काढला नाही. खरी पंचाईत हीच होती. त्यांनी तगादा लावला असता, चारचौघांत टोमणा मारला असता, तर निदान त्यांचा राग तरी करता आला असता. पण त्या यायच्या, चहा प्यायच्या, काजं नीट झाली नाहीत म्हणून सासूसारख्या झापायच्या आणि निघून जायच्या.

मधल्या वर्षांत पडदेवालीने पोटाला चिमटा काढून जे साठवलं, ते साधारण ताईंच्या देण्याएवढंच होतं. घरासाठी सुरुवातीला भरायचे होते तेही तेवढेच. म्हणजे एक तर ताई, नाही तर घर. बँकेतल्या साहेबाने विचारलं होतं, "आणखी कुणाचं काही देणं?" नवरा म्हणाला, "नाही." साहेबाने पुढचं पान उलटलं. दोघं नवरा-बायको तेव्हापासून एकमेकांची नजर चुकवत होती.

"घर झालं की सांगू की ताईला," नवरा म्हणायचा. "तिला आनंदच होईल."

ताईंना आनंद झाला असता, हे पडदेवालीलाही ठाऊक होतं. म्हणूनच तिला घास गोड लागत नव्हता.

आज संध्याकाळी निकाल लागायचा होता. एजंटने सांगितलं होतं, साडेपाचला कागदावर सही करा, नाही तर दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. नवरा कामावरून परस्पर त्याच्या कार्यालयात जाणार होता. निघताना म्हणाला, "मी सहीच्या आधी फोन करतो. तू हो म्हणालीस तरच करीन. शेवटी निर्णय तुझा."

निर्णय तुझा! उद्या हप्ते थकले की बोट दाखवायला माणूस तयार. तिने त्याच्या डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

पण खरं सांगायचं तर निर्णय तिच्या हातांनी आधीच घेऊन टाकला होता, आणि तो कुणालाही सांगायची सोय नव्हती.

पडद्याच्या धंद्यात एक रीत असते. गिऱ्हाईक स्वतःच्या घरात राहत असेल तर पडदा खिडकीच्या मापाला कापायचा. भाडेकरू असेल तर खाली वीतभर कापड जास्त ठेवायचं, आत दुमडायचं आणि लांब, सैल टाके घालायचे. पुढच्या घरातली खिडकी मोठी निघाली तर टाके उसवले की पडदा पुरतो. ताई याला भाड्याची दुमड म्हणायच्या. दुमड विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्यांच्या वर्गातला पहिला धडा होता. कापड कापलं की माघार नाही, असं म्हणून त्या मुलींच्या बोटांवर पट्टी मारायच्या.

आणि गेल्या आठवड्यात पडदेवालीने नेमका तोच धडा मोडला होता. एका गिऱ्हाइकाने ऐनवेळी माघार घेतली आणि निळं कापड तिच्या गळ्यात पडलं. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या खिडक्यांची मापं तिने पहिल्याच भेटीत घेतली होती. सवयच ती, दुसऱ्याच्या लग्नाला गेली तरी ती मंडपाचे पडदे डोळ्यांनी मोजायची. एका दुपारी हात मोकळे होते. बघू तरी कसं दिसतं, असं स्वतःला सांगत तिने पुढच्या खोलीचे दोन पडदे कापले, शिवले आणि घडी करून मशीनवर ठेवले. कापले ते थेट मापाला. दुमड नाही. या खोलीच्या खिडकीला ते आखूड, दुसऱ्या कुणाच्या कामाचे नाहीत. नवऱ्यालाही तिने सांगितलं होतं की ही ऑर्डर आहे.

आज तिने आतल्या खोलीच्या पडद्याचं कापड पलंगावर पसरलं होतं. खडूने दोन रेघा मारल्या होत्या. एक मापाची आणि तिच्याखाली वीतभर अंतरावर दुमडीची. हातात कात्री घेऊन ती बराच वेळ नुसती उभी होती. कुठल्या रेघेवर कापायचं तेच कळेना.

तेवढ्यात उघड्या दारावर थाप पडली आणि ताई आत आल्या.

"दार सताड उघडं टाकून कुठल्या तंद्रीत आहेस?" त्या म्हणाल्या. हातातला बिस्किटांचा पुडा त्यांनी खिडकीत ठेवला. बसायला जागा नव्हती, म्हणून मशीनचं स्टूल ओढून घेतलं. आज त्या जरा दमलेल्या दिसत होत्या. हल्ली त्यांना बारीक दिसत नसे, सुई ओवायलाही कुणाला तरी हाक मारावी लागे.

"तो आला नाही अजून?"

"नाही. येतील. उशीर होईल म्हणाले." पडदेवालीने स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. पाठ वळवायला काहीतरी निमित्त हवं होतं.

"जरा काम होतं त्याच्याशी. तुझ्याशीही." ताई थांबल्या. असं अडखळत बोलणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. "बरं, ते नंतर. हे कुणाचं शिवतेयस? निळा रंग बरा आहे."

पडदेवाली वळली तोवर ताईंनी मशीनवरचा पडदा उचलला होता. आणि पडदा हातात आला की ताई पहिल्यांदा काय बघणार? तळ उलटणार. त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत शिवण धरली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत नेली. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून काय झालं, बोटांना दिसत होतं.

"मालकीचं घर दिसतंय," त्या म्हणाल्या.

"हो."

"कुणाचं?"

एखादं नाव घ्यायला काय हरकत होती? शंभर गिऱ्हाइकं होती तिची. कुणाचंही नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. पण चहा उतू गेला आणि स्टोव्ह फसफसला, तरी ती तशीच उभी.

ताईंनी पडद्याकडे पाहिलं, पलंगावरच्या कापडाकडे पाहिलं, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आधी तो स्टोव्ह बंद कर," त्या म्हणाल्या.

तिने बंद केला. "ताई, अजून सही झालेली नाही. आम्ही सांगणारच होतो..."

"कधी? वास्तूच्या जेवणाला?"

पडदेवालीला रडू कोसळलं. लाज, राग, सगळं एकदमच. आपण चोरी करताना सापडलो, असं तिला वाटलं. आणि चोरीच होती ती. कागदावर नव्हती एवढंच.

ताईंनी तिला रडू दिलं. डोळे पुसून होईपर्यंत त्या पडद्याची घडी करत बसल्या, कडा कडेला लावून, जशी वर्गात करायच्या.

"मी आज पैसे मागायला आले होते," त्या म्हणाल्या. "माझ्या मालकाने जागा विकली. महिन्याअखेर खोली सोडायची आहे. नवीन जागेला अनामत मागतात. वाटलं, तुमच्याकडे थोडेफार असतील. वाटभर मनात घोकत आले कसं मागायचं ते. सवय नाही ना."

"घेऊन जा ताई. आहेत पैसे. सगळे आहेत." ती घाईघाईने म्हणाली, आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांसमोर ती खिडकी, तो डाव्या हाताचा उजेड आला.

"आणि हे कापलेलं काय करणार? पायपुसणी?" ताईंनी घडी मशीनवर ठेवली. "किती खोल्या आहेत?"

"दोन. पुढची आणि आतली."

"आतली कशाला?"

तिने पलंगावरच्या कापडाकडे पाहिलं. मशीन, टेबल, दाराची कडी. ताईंनी दुसरं काही विचारलं नव्हतं, हट्ट केला नव्हता, डोळ्यांत पाणीही आणलं नव्हतं. पण प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते दोघींनाही माहीत होतं.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली.

"खोटं बोलतेस."

"हो. पण आत्तापासून खरं."

ताई उठल्या, पलंगाशी आल्या आणि कापडाला डोळे भिडवून वाकल्या. खडूच्या दोन्ही रेघा त्यांनी बोटाने शोधून काढल्या.

"मग माझ्या खिडकीला दुमड ठेव," त्या म्हणाल्या. "माझा काय भरवसा? आज तुमच्याकडे, उद्या नसलं पटत तर दुसरीकडे. पडदा तरी बरोबर नेता येईल."

त्या अगदी सहज बोलल्या. आणि पडदेवालीच्या मनाला, तिच्या नकळत, जरा सुटल्यासारखं वाटलं. दुमड ठेवायची म्हणजे ताई कधीतरी जाणार. वर्षाने, दोन वर्षांनी खोली मोकळी होणार, मशीन आत जाणार. जन्मभर दुमडी घालत आलेल्या या बाईला आणखी एक दुमड घालायची, एवढंच. तिने कात्री खालच्या रेघेवर ठेवलीसुद्धा. आणि मग आपल्याला कशाने बरं वाटलं ते तिला उमगलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

फोन वाजला. बरोबर साडेपाच.

"अगं, काय करू?" नवऱ्याच्या मागे एजंटचा आवाज ऐकू येत होता. "हे लोक थांबलेत. बोल लवकर."

तिने फोन खांदा आणि कानात धरला. पुढच्या खोलीत पलंग, पलंगाला खेटून मशीन. आठनंतर आतून ताईंचा खोकला ऐकू येणार आणि पाय आपोआप थांबणार. हप्ते, नवरा, ताई, आणि ती. कर्ज फिटेपर्यंत, वीस वर्षं. तिला सगळं अगदी स्पष्ट दिसलं.

तिने कात्री उचलली, वरच्या, मापाच्या रेघेवर ठेवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात चालवली. वीतभर कापडाची पट्टी पलंगावरून खाली पडली.

ताईंनी आवाज ऐकला. त्यांनी वाकून ती पट्टी उचलली, दोन्ही हातांत धरून चाचपली आणि मटकन स्टुलावर बसल्या.

"अगं, ऐकतेयस ना?" फोनवर नवरा ओरडत होता.

"करा सही," ती म्हणाली. "कापड कापून झालंय."