हॅरॉल्डचा उसना डबा

मित्रांनो, अॅल्युमिनियमचा एक जुना सैनिकी डबा तुमच्याशी बोलतो आहे. कारखान्यातून निघालो तो ऑस्ट्रेलियन. पुढे सत्तरएक वर्षं पोटात वरण वागवलं, त्यामुळे आता स्वतःला कोण म्हणवावं, हे माझं मलाच कळत नाही.

माझ्या बुडावर हॅरॉल्ड पाइकने खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं. १९४२ साली सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, त्या आठवड्यात त्याने मला पाण्याने भरून एका जखमी मराठी शिपायाच्या हाती दिलं. "ठेव. लढाई संपली की परत दे," म्हणाला. तो शिपाई म्हणजे साताऱ्याचे दीनानाथ. त्यांच्याबरोबर मीही युद्धकैदी झालो. लढाई संपली, हॅरॉल्ड काही सापडला नाही. दीनानाथ मला गावी घेऊन गेले आणि मरेपर्यंत घरच्यांना बजावत राहिले, "हा डबा आपला नाही. परत द्यायचा आहे."

त्यांचा नातू सुबोध जुरोंग आयलंडवर इंजिनिअर झाला, तेव्हा मी पुन्हा सिंगापुरात आलो. जिथून कैदी म्हणून सुटलो, तिथेच या खेपेला कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये. २०१५ साली सुबोधच्या ऑफिसातल्या एका ऑस्ट्रेलियन माणसाने बुडावरच्या नावावरून हॅरॉल्डची मुलगी शोधून काढली. हॅरॉल्ड केव्हाच गेला होता. सत्तरीला टेकलेली डोरीन मला न्यायला पर्थहून निघाली. वडिलांच्या हातचं ते नाव तिला पाहायचं होतं.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने ओळखलं नाही तर? माझ्याजवळ पुरावा तेवढा एकच.

पाहुणी यायच्या दिवशी सुबोधची बायको सुचित्रा माझ्याकडे पाहून म्हणाली, "शी! असं काळं भांडं परक्याच्या हातात द्यायचं? साताऱ्याची अब्रू काय राहील?" आणि तिने चिंच, मीठ, तारेची घासणी काढली. खरं सांगतो, तोफा परवडल्या. मी ओरडणार कुठून? तेवढ्यात त्यांची लेक अनुया आपल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडत धावत आली.

"आई, स्टॉप लाह! नाव जातंय!"

सुचित्राने मला धुऊन पाहिलं. मी आरशासारखा लखलखत होतो. नाव गेलं होतं.

आणि दारावरची बेल वाजली.

डोरीनने मला हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "नाव कुठाय?"

"मी घासलं," सुचित्रा रडवेली झाली. "तुम्ही येणार म्हणून हो!"

सुबोधने चहा विचारला. संकटात त्याला एवढंच सुचतं.

डोरीनने माझ्या कोऱ्या बुडावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबांनी घरी युद्धाचा एक शब्द काढला नाही. तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगा."

सुचित्राने सासरी ऐकलेलं सगळं सांगितलं. ती जखम, ते पाणी, आणि 'परत दे' ही ताकीद. ते ऐकताच डोरीन रडता रडता हसायला लागली. "अगं, म्हणजे बाबाच! शेजाऱ्याला फावडं दिलं तरी दहादा बजावायचे!"

ओळख पटली. माझी नव्हे, त्याची.

उसनं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत. सुचित्राने मला रव्याच्या लाडवांनी गच्च भरलं. पर्थच्या विमानतळावर खाऊ अडवतात, या धास्तीने डोरीनने ते विमानातच संपवले.

आता मी पर्थला एका फडताळात असतो. नातवंडांनी विचारलं की डोरीन सुरू करते, "डायना-नॅट नावाचे एक सैनिक होते..." ऐकवत नाही, पण सोसतो. नाव चुकीचं घेतलं तरी चालेल, मित्रांनो. घ्यायचं मात्र सोडू नका.