गुआगुआ कुठंय?

पुस्तकाचा कोपरा चावलेला होता. वर चार लहान दातांचे खळगे, खाली दोन. पुठ्ठ्याचा पापुद्रा तिथून सुटून वर आला होता. युदेल्का ते कपाटात परत ठेवणार, तेवढ्यात टेबलामागून ओर्फेलिनाबाई म्हणाल्या, "तेच घे. जे कुणी चावलं नाही, ते कुणाला आवडलंही नसतं."

वस्तीखालच्या वाचनालयात जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांसाठी एक बुटकं कपाट होतं. रांगणाऱ्या मुलाचा हात पोचेल एवढंच उंच. युदेल्का त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती. हॉटेलच्या धुलाईखान्यातून ती थेट आली होती आणि तिच्या बोटांना अजून ब्लीचचा वास येत होता. शुक्रवारी अकरा वाजता तिला एक पुस्तक घेऊन बालगृहात जायचं होतं. तिथं ती वीस मिनिटं आपल्या मुलीसोबत ते पुस्तक बघणार होती, आणि न्यायालयानं नेमलेली मानसतज्ज्ञ कोपऱ्यात बसून लिहिणार होती. पुढच्या मंगळवारी पुन्हा तसंच. मग अहवाल जाणार होता, आणि त्यावरून न्यायाधीश ठरवणार होते, एलिआनीनं आईकडे परत यायचं की दत्तक द्यायच्या मुलांच्या यादीत जायचं.

"एका पानावर एकच गोष्ट हवी," ओर्फेलिनाबाई म्हणाल्या. अकरा वर्षं हे कपाट त्याच सांभाळत होत्या. "मागं गर्दी नको. आणि तिनं खरोखर पाहिलेली वस्तू हवी. जिराफ-बिराफ नको, या वाळवंटात कुठला आलाय जिराफ. विचारलंस की थांबायचं. मनात दहा मोजायचे."

"दहा? तेवढ्यात ती उठून जाईल, बाई."

"जात नाहीत. त्यांचं गाडं उशिरा सुटतं, पण सुटतं. आपणच तीनाला उत्तर देऊन मोकळे होतो."

चावलेल्या पुस्तकात आठ जोडपानं होती. बूट, चेंडू, कप, मांजर. पाचव्या जोडपानावर डावीकडे दुपट्यातलं बाळ आणि उजवीकडे बस. युदेल्कानं ते घेतलं ते बससाठी.

तिची खोली डोंगरउतारावर होती, आणि खिडकीखाली बसचा शेवटचा थांबा होता. अंतोफागास्ताचा सगळा चढ चढून बस तिथं धापा टाकत यायची, आठ मिनिटं उभी राहायची आणि वळून जायची. अकरा महिन्यांची असताना एलिआनीनं काचेवर तळहात आपटून आपला पहिला शब्द म्हटला होता. आई नाही, पाणी नाही. "ग्वा-ग्वा." युदेल्काच्या देशात, सांतो दोमिंगोत, बसला गुआगुआ म्हणतात.

इथं चिलीत गुआगुआ म्हणजे तान्हं बाळ. युदेल्काला हे माहीत नव्हतं असं नाही. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात घरमालकीण म्हणाली होती, "माझ्या घरात दोन गुआगुआ आहेत, जरा हळू बोलत जा." युदेल्का आणि तिची सोबतीण दुल्से, दोघी अदबीनं गप्प बसल्या होत्या. दोन बसांची मालकीण म्हणजे मोठी असामी. खरा प्रकार कळला तेव्हा दुल्से हसून हसून खाटेवरून खाली पडली होती.

आता ती हसत नव्हती. युदेल्का पुस्तक घेऊन घरी आली तेव्हा दुल्से दारात तांदूळ निवडत बसली होती.

"त्या बाईसमोर नीट बोल," ती म्हणाली. "तुझा अर्धा शब्द तोंडात असतो, अर्धा समुद्रात पडतो."

"इथल्यांचेही पडतात की."

"पडतात. पण समुद्र त्यांचा आहे."

सात महिन्यांपूर्वीची ती सकाळ युदेल्का दिवसातून एकदा तरी पुन्हा पाहायची. बाळ झोपलेलं. सांभाळणारी शेजारीण दहा मिनिटांत पोचते म्हणाली होती. खाली सहाची बस सुटायच्या बेतात. युदेल्कानं दार ओढून घेतलं आणि पायऱ्या उतरून धावली. शेजारीण आली तासाभरानं. त्याआधी पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसाला एलिआनी सिमेंटच्या पायऱ्यांवर सापडली होती, चौथ्या पायरीवर, एका पायात मोजा. त्यानं पोलिसांना बोलावलं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. युदेल्कानं कितीदा हिशेब मांडून पाहिला, पण चूक फिरून तिच्याच दारात येऊन उभी राहायची.

शुक्रवारी बालगृहातल्या बाईनं एलिआनीला हाताला धरून आणलं. एकवीस महिन्यांची झाली होती. केस कापलेले, अंगाला वेगळ्याच साबणाचा वास. तिनं युदेल्काकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी."

त्या घरात सगळ्याच बायका मावशी होत्या. भरवणारी मावशी, आंघोळ घालणारी मावशी, मंगळवार-शुक्रवारी तासभर येऊन बसणारी ही एक मावशी.

मानसतज्ज्ञ कोन्स्तान्सा तिशीच्या आतली, मृदू बोलणारी मुलगी होती. "तुम्ही घरी बसता तशाच बसा, ताई," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर वही घेऊन बसली.

सुरुवात बरी झाली. बूट सापडला. चेंडू सापडला. मांजराला एलिआनीनं चापट मारली. युदेल्का विचारत होती, थांबत होती, मोजत होती. दोन. तीन. चार. लहानसं बोट हवेत उठायचं, घुटमळायचं आणि बरोबर जागी उतरायचं. तिसऱ्या पानापर्यंत एलिआनीचा गुडघा तिच्या मांडीला टेकला होता.

मग पाचवं जोडपान उघडलं. याच पानासाठी युदेल्का चार दिवस जगली होती.

"गुआगुआ कुठंय?"

एक. दोन. तीन. बोट उठलं आणि दुपट्यातल्या बाळावर टेकलं.

"ती नाही गं. गुआगुआ. बघ ना."

बोट हललं नाही.

"नाही, राणी. ही बघ. आपल्या खिडकीतली." युदेल्कानं ते बोट धरलं आणि बसवर नेऊन ठेवलं. एलिआनीनं हात हिसडला, बोट पुन्हा बाळावर रोवलं, नख पांढरं पडेपर्यंत दाबलं. "गुआगुआ," ती म्हणाली. खणखणीत, एकही अक्षर न गाळता.

"नाही," युदेल्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

एलिआनीचा खालचा ओठ बाहेर आला. तिनं पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी उचललं आणि दारात उभ्या असलेल्या मावशीला नेऊन दिलं. कोपऱ्यात पेन बराच वेळ चाललं.

मुलीला आत नेल्यावर कोन्स्तान्सा म्हणाली, "मुलीचं उत्तर बरोबर होतं."

"हो, ताई."

"तरी तुम्ही तीनदा नाही म्हणालात."

"आमच्याकडे गुआगुआ म्हणजे बस. तिचा पहिला शब्द आहे तो. ती विसरली असेल असं वाटलं नाही मला. म्हणजे वाटलं, म्हणूनच..."

कोन्स्तान्सानं पेन खाली ठेवलं. "हे मला माहीत नव्हतं. मी ते लिहीन. पण जे पाहिलं तेही मला लिहावं लागेल. ती तुम्हाला काहीतरी दाखवत होती आणि तुम्ही तिचं बोट ओढलंत."

ते खरं होतं.

शनिवारी वाचनालय उघडायच्या आधीपासून युदेल्का पायरीवर बसून होती. "दुसरं द्या, बाई. ज्यात बस नाही असं."

ओर्फेलिनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग लगेच बोलल्या नाहीत. त्या मनात मोजतायत हे युदेल्काला कळलं, आणि तिला त्यांचा रागही आला.

"दुसरं देते," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तिनं पहिलंच मागितलं तर? एकदा बघितलेलं पुस्तक ही पोरं सोडत नाहीत. तेच न्यायला हवं."

"मग मी करू काय?"

"तिच्या बोटामागून जा. ती दाखवील ते."

"आणि माझा शब्द?"

"तुझा शब्द तुझ्याकडे आहे, पोरी. पोरगी नाहीये तुझ्याकडे."

युदेल्का तेच पुस्तक आणि सोबत एक नवं घेऊन परत आली. सोमवारी धुलाईखान्यात उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालताना ती दर अभ्र्याला एकदा पुटपुटली. गुआगुआ, बाळ. गुआगुआ, बाळ. वाफेच्या आवाजात कुणाला ऐकू जात नव्हतं. जिभेला शब्द नवा नव्हता, तरी दर वेळी तो उलटा घातलेल्या सदऱ्यासारखा गळ्याशी आवळत होता. संध्याकाळी तिनं पुस्तकातल्या बाळावर बोट ठेवून तो मोठ्यानं म्हटला. दुल्सेनं मान वर केली.

"झालीस का तूही दोन बसांची मालकीण?" ती म्हणाली. मग युदेल्काचा चेहरा बघून उठली आणि तिला कॉफी करून दिली.

मंगळवारी युदेल्कानं दोन पुस्तकं नेली. एलिआनीनं नव्याकडे पाहिलंही नाही. चावलेलं उचललं आणि मधली पानं भराभर उलटत थेट पाचव्या जोडपानावर गेली. जणू शुक्रवारचं काम राहिलं होतं.

तिनं आईकडे पाहिलं. वाट पाहत.

"गुआगुआ कुठंय?" युदेल्कानं विचारलं.

बोट बाळावर.

"हो," युदेल्का म्हणाली. "गुआगुआ."

एलिआनीनं तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग बोट सरकलं, पानाची घडी ओलांडून बसवर गेलं आणि तिथंच थांबलं. आता प्रश्न ती विचारत होती. युदेल्काच्या घशात तिचा स्वतःचा शब्द तयार उभा होता. तिनं दात मिटले आणि मोजायला सुरुवात केली. चार. पाच. सहा.

"मिक्रो," एलिआनीनं स्वतःच सांगून टाकलं. इथले लोक बसला तेच म्हणतात.

"हो. मिक्रो."

कोपऱ्यात पेन हललं. एलिआनी मागं रेलली आणि तिची पाठ आईच्या पोटाला टेकली. अकरा किलोंचं सगळं वजन. याच वजनासाठी युदेल्का सात महिने तळमळली होती. तिनं हनुवटी त्या कापलेल्या केसांवर ठेवली. कुठल्याशा कागदावर न वाचता सही केल्यासारखं तिला वाटत होतं, आणि तो कागद दहादा पुढं आला असता तरी तिनं दहादा सही केली असती.

न्यायाधीशांनी यादीचा निर्णय तीन महिने पुढं ढकलला. तोवर दर रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मुलगी आईच्या घरी. त्यानंतर पुन्हा पाहू. अहवालातली एक ओळ त्यांनी वाचून दाखवली: "दुसऱ्या भेटीत आईनं मुलीचा कल ओळखून प्रतिसाद दिला."

पहिल्या रविवारी युदेल्कानं आपल्या देशात करतात तशी कच्ची केळी उकडून कुस्करली. एलिआनीनं दोन घास घेतले, तिसरा थुंकला आणि पाव मागितला. दुल्से धावत जाऊन पाव घेऊन आली. दुपारी मुलगी झोपली तेव्हा दोघी खाटेशेजारी बसून नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. सव्वातीनला दुल्से कामावर गेली.

चारच्या सुमाराला खालून धाप ऐकू आली. एलिआनी उठून खिडकीशी गेली आणि काचेवर तळहात आपटला, अगदी पूर्वीसारखा, बोटं फाकून.

"मिक्रो."

"हो," युदेल्का म्हणाली. "मिक्रो."

बस थांबली. ड्रायव्हर उतरून सिगारेट ओढू लागला. आठ मिनिटं होती. कोपऱ्यात खुर्ची नव्हती, खुर्चीत कुणी बसलेलं नव्हतं. युदेल्का मुलीशेजारी गुडघ्यांवर बसली आणि काचेकडे तोंड करून, जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "गुआगुआ."

एलिआनीनं वळून पाहिलं. आधी खाटेवर. मग वाकून खाटेखाली. मग ती दारामागं जाऊन आली. तान्हं बाळ कुठंच नव्हतं. कपाळाला आठी घालून ती खोलीच्या मध्यावर थोडा वेळ उभी राहिली. मग तिला सुचलं. पिशवीतून तिनं चावलेलं पुस्तक ओढून काढलं, पाचवं जोडपान उघडलं, ते आईच्या मांडीवर ठेवलं आणि आईचंच बोट धरून दुपट्यातल्या बाळावर नेलं.

"गुआगुआ," ती म्हणाली. समजावून, सावकाश, मंद मुलाला शिकवावं तसं.

खाली ड्रायव्हरनं सिगारेट विझवली. बस वळली आणि उतारावरून गेली. यानंतरची साडेचारची. त्या बसनं मुलीला बालगृहात परत पोचवायचं होतं. युदेल्कानं कोपऱ्यातले लहान बूट आणले आणि खाली बसली.

"मावशी," एलिआनीनं हाक मारली आणि पाय पुढं केला.

युदेल्कानं मनात मोजायला सुरुवात केली. पाच. सहा. सात. मुलगी पाय पुढं धरून वाट पाहत होती. आठ. नऊ. दहा.

"हो," युदेल्का म्हणाली, आणि तिनं बूट चढवला.