वाक्य माझं नाही

या पोरीला घरात रेडिओ म्हणायचे ते उगाच नाही. शेजारच्या काकांचं खाकरणं, लिफ्टमधल्या बाईचं यंत्रासारखं बोलणं, मुख्याध्यापिकांचं "शांतता हवीय मला, शांतता!" एकदा कानावर पडलं की पोरीच्या गळ्यात जाऊन बसलंच म्हणून समजा. शाळेच्या कार्यक्रमात तिने मुख्याध्यापिकांच्या समोरच त्यांचा आवाज काढला, तर त्याच पोट धरून हसल्या. तेव्हापासून स्वारीचे पाय काही जमिनीला लागत नव्हते.

आणि आज हीच रेडिओ पोलीस चौकीच्या बाकावर आत्याशेजारी बसली होती, आणि तिच्या तोंडातून ब्र निघत नव्हता.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. जन्मापासून दृष्टी नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर बसते आणि कुठला डॉक्टर या घडीला कुठल्या मजल्यावर सापडेल ते धडाधड सांगते. तर या आत्याच्या कामाच्या जागी एका मोबाइल कंपनीचे फोन यायला लागले. तुमच्या नावावर महागडा फोन घेतलाय, हप्ते कुठायत? आत्या म्हणाली, मी घेतलाच नाही. कंपनी म्हणाली, तुम्हीच बोललात, आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. हे साहेबांच्या कानावर गेलं. साहेब गोड आवाजात म्हणाले, "वय झालं की होतं असं. जरा डोक्याची तपासणी करून घ्या, तोवर बोर्डवर दुसरं कुणीतरी बसेल."

त्या दिवसापासून आत्या स्वतःच्याच घरात चाचपडायला लागली. पूर्वी कधी चाचपडली नव्हती. गॅस बंद केला की परत जाऊन हात लावून यायची. "मी बोलले असेन का गं कुणाशी? आणि विसरले असेन?" असं विचारायची, तेही रेडिओलाच. रेडिओ म्हणायची, "काहीतरीच काय, आत्या!" आणि खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसायची.

कारण बोलली होती रेडिओ.

डोकं दादाचं. दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ, वयाने नुकताच सज्ञान झालेला, अकलेने व्हायचा बाकी. "तू फक्त दहा मिनिटं आत्या हो. हप्ते मी भरणार ना! तिला पत्तासुद्धा लागणार नाही." जन्मतारीख, पत्ता, ओळखपत्राचा नंबर, सगळं रेडिओला पाठ, कारण आत्याचं टपाल वाचून दाखवायचं काम तिचंच. फोनवरची मुलगी सहीसाठी दुकानात या म्हणाली तेव्हा रेडिओने आयत्या वेळी असं काही ठोकून दिलं की ती मुलगी पार विरघळली. फोन घरपोच! दादाने टाळी दिली, "मानलं बुवा तुला!" आणि रेडिओ दिवसभर हवेत. मग पहिला हप्ता चुकला, दुसरा चुकला. दादा म्हणायचा, "भरतो गं, डोकं नको खाऊस."

शेवटी आत्याने पोलिसांत धाव घेतली, आणि आज सोबतीला रेडिओलाच आणलं. चौकीतल्या इन्स्पेक्टरबाईंनी कॉम्प्युटरचं तोंड फिरवलं. "कंपनीने रेकॉर्डिंग पाठवलंय, ताई. नीट ऐका. तुम्ही नसाल तर तुमची ओळख चोरली कुणीतरी. आणि तसं असेल तर त्याची धडगत नाही. म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाला असं फसवलं तर शिक्षा वाढते."

"वाढते?" रेडिओच्या तोंडून निसटलं.

"चांगली वाढते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

खोलीत दुसरी आत्या बोलायला लागली. तोच जरासा घोगरा आवाज, तेच 'हां, तर' म्हणून थांबणं. आत्याचा चेहरा उतरत चालला. तिने हातातला रुमाल घट्ट पिळला. मग ते आलं: "मला दिसत नाही हो बाळा. आंधळी म्हातारी मी, एकटी कुठे धडपडत येऊ? एवढी दया कर."

आत्याचा हात थांबला.

"परत लावा."

बाईंनी परत लावलं. रेडिओच्या कानाच्या पाळ्या भाजायला लागल्या.

"आवाज माझा आहे," आत्या सावकाश म्हणाली. "वाक्य माझं नाही. 'मला दिसत नाही' असं मी जन्मात म्हटलेलं नाही, बाई. मी 'बघते' म्हणते. बोर्डवर रोज शंभर वेळा म्हणते, थांबा, बघते. लोकांना हसू येतं, येऊ दे."

"मग तुमच्यासारखं हुबेहूब बोलणारं घरात कुणी आहे?"

आत्याने मान हळूच रेडिओच्या बाजूला वळवली. रेडिओला कळलं की आत्याला कळलंय. आता ती नाव घेणार. पण आत्या वेगळंच बोलली, अगदी बारीक आवाजात. "नाही हो. मीच बोलले असेन. वय झालं माझं."

म्हणजे बोर्ड गेला. साहेब म्हणत होते तेच खरं ठरलं. आणि रेडिओ सुटली.

सुटली कसली! ती बाकावरून उठली. "मी बोलले," ती म्हणाली.

"तू?" बाई हसल्याच. "आत्यासाठी जीव तुटतोय वाटतं. बस खाली."

"खरंच मी!"

"मग बोलून दाखव."

अख्ख्या शाळेसमोर न घाबरणाऱ्या पोरीने तिथे डोळे घट्ट मिटून घेतले. आत्यापासून हातभर अंतरावर उभं राहून तिने आत्याच्याच आवाजात म्हटलं, "मला दिसत नाही हो बाळा. आंधळी म्हातारी मी..." 'दया' या शब्दापर्यंत तिला पोचताच आलं नाही. इतका हुबेहूब आवाज तिने आयुष्यात काढला नसेल, आणि तो कुठे लपवावा हे तिला कळेना.

दाराशी उभा असलेला हवालदार दुसरीकडे बघायला लागला.

"अशी वाटते होय मी तुला?" आत्याने विचारलं.

"नाही गं आत्या! तसं म्हटलं की काम होईल असं वाटलं, म्हणून..."

"झालं की काम," आत्या म्हणाली. मग इन्स्पेक्टरबाईंकडे वळली. "लिहा माझी तक्रार. पण ती वाढीव शिक्षा नको. फसवलं एवढं पुरे आहे. आंधळी म्हणून वर आणखी कीव नको मला."

"ते तुमच्या हातात नाही, ताई. आणि कायद्याला तुमची कीव येत नाही. सोपं गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला निवडलं, त्याचा राग येतो त्याला."

सोपं गिऱ्हाईक. रेडिओला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. निवडलं होतंच की तिने. ते एक वाक्य तर किती आवडीने निवडलं होतं.

"तू लहान आहेस, तुझं प्रकरण वेगळं चालेल," बाई म्हणाल्या. "हे करायला कुणी सांगितलं?"

रेडिओने आत्याकडे पाहिलं. आता ती मघासारखी वाचवेल?

"माझ्याकडे नको बघूस," आत्या म्हणाली. "सांग त्यांना."

"माझा दादा."

"वय?"

"अठरा पूर्ण."

बाईंनी लिहिलं. तेवढ्यात आत्याच्या पर्समधला फोन वाजला. घरून आई. "झालं का वन्सं काम?"

"झालं, वहिनी. मी उद्या बोर्डवर जाणार." आत्याचा आवाज परत आला होता, खणखणीत. मग तो जरा खाली आला. "पोरगा घरात आहे ना? त्याला कुठे जाऊ देऊ नकोस. आणि हे बघ, तू आधी खाली बस, मग सांगते."